रविवारची मिस्सा आणि घरातली बाई

रविवार हा सुट्टीचा दिवस, असं ज्याने कुणी ठरवलं त्याने घरातल्या बाईला विचारलेलं दिसत नाही. नवरा उशिरा उठतो, मुलं लोळत पडतात आणि तिला मात्र साठलेले कपडे, मटणाचा रस्सा, सासूबाईंचं औषधपाणी आणि न सांगता आलेले पाहुणे हे सगळं एकाच दिवसात बसवायचं असतं. घर ख्रिस्ती असेल तर त्यात सकाळची मिस्साही असते. चर्चची घंटा होते, घरातली मंडळी चांगले कपडे घालून बाहेर पडतात आणि पुष्कळदा एकटी तीच मागे राहते. कधी तापाने फणफणलेलं बाळ मांडीवर असतं, कधी आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेले सासरे असतात. 'आज माझी मिस्सा चुकली,' ही बोच तिला दिवसभर लागून राहते. पुढे कन्फेशनला गेली की पहिलं पाप म्हणून ती हेच सांगते.

पण मैत्रिणींनो, हे खरंच पाप आहे का? चर्चचा नियम नेमका काय सांगतो?

मराठी बोलणारे कॅथलिक म्हटले की आपल्याला आधी वसई आठवते. वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत १९९८ साली झाला. पण नाशिक, अहिल्यानगर, जालना, सिंधुदुर्ग अशा कितीतरी भागांत ही कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या आपल्या शेजारी राहत आली आहेत. नाताळात त्यांच्याकडून करंज्यांचं ताट येतं, दिवाळीत आपल्याकडून जातं. तरी शेजारणीला कुठल्या दिवशी चर्चला जावंच लागतं आणि कुठल्या दिवशी नाही, हे आपल्याला ठाऊक नसतं. गंमत म्हणजे बऱ्याचदा तिलाही ते नीटसं ठाऊक नसतं! आजीने सांगितलं, आईने पाळलं, म्हणून आपणही पाळायचं. आपल्या व्रतवैकल्यांचं तरी वेगळं काय असतं?

नियम काय सांगतो?

येशू ख्रिस्ताने अखेरच्या भोजनाच्या वेळी शिष्यांना भाकर आणि द्राक्षारस दिला. त्याचं स्मरण करत धर्मगुरू आणि भाविक मिळून जी उपासना करतात ती मिस्सा. येशूचं पुनरुत्थान रविवारी झालं, म्हणून पहिल्या शतकापासून ख्रिस्ती लोक रविवारी एकत्र जमत आले. इ.स. ३०४ मध्ये रोमन सम्राट डायोक्लेशियनच्या काळात अशा जमण्यावर बंदी होती. तेव्हा आताच्या ट्युनिशियातल्या अबितिना गावच्या भाविकांना रविवारी जमल्याबद्दल पकडून नेलं. त्यांत बायकाही होत्या. रविवारच्या या मेळाव्यावाचून आम्हाला जगता येत नाही, असं त्यांनी न्यायाधीशाला सांगितलं आणि शिक्षा पत्करली. तेव्हा हा नियम मुळात वरून लादलेला नव्हता. लोकांची ओढ आधी होती, नियम मागाहून आला.

आजचा नियम १९८३ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी लागू केलेल्या धर्मसंहितेत आहे. कलम १२४६ ते १२४८ ही तीन कलमं त्याविषयी आहेत. प्रत्येक रविवार हा बंधनाचा दिवस. त्याशिवाय वर्षातले दहा सण: नाताळ, तीन राजांचा सण, प्रभूचं स्वर्गारोहण, ख्रिस्तशरीराचा सण, १ जानेवारीचा देवमाता मरियेचा सण, ८ डिसेंबरचा निष्कलंक गर्भसंभवाचा सण, १५ ऑगस्टला मरियामातेला देहासह स्वर्गात घेतलं गेलं तो सण, १९ मार्चचा संत योसेफांचा सण, २९ जूनचा संत पेत्र आणि संत पौल यांचा सण आणि १ नोव्हेंबरचा सर्व संतांचा सण.

ही यादी वाचून कुणी घाबरून जायला नको. रोमची संमती घेऊन प्रत्येक देशाच्या बिशप मंडळाला यातले काही सण बंधनातून वगळता येतात किंवा रविवारवर नेता येतात. आपल्याकडे तीन राजांचा सण, स्वर्गारोहण आणि ख्रिस्तशरीराचा सण रविवारीच साजरे होतात. नाताळ आणि १५ ऑगस्ट हे सण मात्र कोणत्याही वारी आले तरी बंधनाचे. हे दोन्ही दिवस भारतात सरकारी सुट्टीचे आहेत, त्यामुळे नोकरी करणारीला रजेसाठी साहेबापुढे उभं राहावं लागत नाही. पंधरा ऑगस्टला तर अनेक चर्चच्या आवारात मिस्सेनंतर झेंडावंदन होतं आणि मुलांना एकाच दिवशी दोन्हीकडचा खाऊ मिळतो.

आता एक बारकावा. नाताळ सोमवारी आला तर काय करायचं? २०२३ मध्ये तसंच झालं होतं. तेव्हा रविवारची मिस्सा वेगळी आणि नाताळची वेगळी. एकीत दोन्ही उरकत नाहीत. सोय मात्र आहे. बंधनाच्या दिवसाची मिस्सा आदल्या दिवशी संध्याकाळी ऐकली तरी चालते. म्हणजे शनिवारच्या संध्याकाळी जाऊन आलात की रविवारचं कर्तव्य झालं. शिवाय ती आपल्याच चर्चमध्ये ऐकली पाहिजे असंही नाही. माहेरी गेलात, लग्नाला परगावी गेलात, तर तिथल्या कॅथलिक चर्चमधली मिस्सा तितकीच चालते.

गर्दीचे दिवस, पण बंधन नसलेले

राखेच्या बुधवारी चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नसते. कपाळाला राख लावून घेतली नाही तर मोठं पाप लागेल, असं पुष्कळ जणींना वाटतं. प्रत्यक्षात तो दिवस बंधनाच्या यादीत नाहीच. त्या दिवशी नियम आहे तो उपवासाचा आणि मांस न खाण्याचा. गुड फ्रायडेचंही तसंच. त्या दिवशी तर जगभरातल्या कॅथलिक चर्चमध्ये मिस्सा होतच नाही. प्रभूच्या दुःखसहनाची उपासना होते, तिला जाणं चांगलं, पण बंधन नाही. उपवासालाही वयाची मर्यादा आहे. अठरा वर्षं पूर्ण झाल्यापासून साठावं वर्ष लागेपर्यंतच तो बंधनाचा असतो. म्हणजे सत्तरीच्या सासूबाईंनी गोळ्या उपाशीपोटी घेऊन चक्कर येऊन पडावं, अशी चर्चची मुळीच अपेक्षा नाही.

सप्टेंबरमध्ये वांद्र्याची माउंट मेरीची जत्रा भरते, श्रीरामपूरजवळच्या हरेगावला मतमाउलीची यात्रा भरते. सगळ्या जातिधर्मांच्या बायका तिथे मेणबत्ती लावायला जातात. ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरच्या सणाला हजारो माणसं लोटतात. ही सगळी श्रद्धेची, हौसेची, नवसाची गर्दी. नियम म्हणून तिथे जावंच लागतं असं नाही. यात्रेला जाता आलं नाही म्हणून रडत बसणाऱ्या सुनेला हे कुणीतरी सांगायला हवं.

सणही कमी झाले होते, गरिबासाठी

एके काळी असे बंधनाचे सण फार होते. त्या दिवशी मिस्सा तर ऐकायचीच, वर कामही करायचं नाही. श्रीमंताला काय, त्याला सुट्टीच. पण रोज मजुरी करून खाणाऱ्याची चूल त्या दिवशी पेटायची कशी? गरिबांची ही तक्रार रोमपर्यंत पोहोचली. १६४२ मध्ये पोप उर्बन आठवे यांनी सगळ्या चर्चसाठी सणांची संख्या ३६ वर आणली. १९११ मध्ये पोप पायस दहावे यांनी ती आठवर आणली, आणि १९१७ च्या धर्मसंहितेत दहाचा आकडा ठरला तो आजवर आहे.

वेळेच्या बाबतीतही असंच झालं. पूर्वी मिस्सा सकाळीच व्हायची आणि कम्युनियन घेणाऱ्याने मध्यरात्रीपासून पाणीसुद्धा प्यायचं नाही, असा दंडक होता. पोप पायस बारावे यांनी १९५३ मध्ये पाण्याला मुभा दिली आणि संध्याकाळच्या मिस्सेचा मार्ग मोकळा केला. आता कम्युनियनपूर्वी एक तासाचा उपवास पुरतो. त्यातही आजारी आणि वृद्ध माणसांना सूट आहे, आणि त्यांची सेवा करणाऱ्यांनाही! धर्मसंहितेच्या कलम ९१९ मध्ये हे लिहिलेलं आहे. रात्रभर सासऱ्यांच्या उशाशी बसून पहाटे घोटभर चहा घेतलेल्या सुनेचा विचार नियम करणाऱ्याने केला होता, पण त्या सुनेपर्यंत तो क्वचितच पोहोचला.

मग कुणाला सूट?

आपल्या मूळ प्रश्नाचं उत्तर इथे आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक चर्चच्या कॅटेकिझममध्ये, परिच्छेद २१८१ मध्ये, बंधनाच्या दिवशी जाणूनबुजून मिस्सा टाळणं हे गंभीर पाप आहे असं म्हटलं आहे. पण त्याच परिच्छेदात सबळ कारण असेल तर बंधन नाही असंही सांगितलं आहे, आणि उदाहरणं दिली आहेत दोन. एक आजारपण. दुसरं तान्ह्या बाळाचं संगोपन. जगातल्या हजार कारणांतून जी दोनच निवडली, त्यातलं एक घराघरातल्या आईचं आहे.

तेव्हा बाळाला ताप आहे, घरात दुसरं कुणी नाही आणि तुम्ही मिस्सेला गेला नाहीत, तर तुमची मिस्सा 'चुकली' असं म्हणायचंच कारण नाही. ते पाप नाही आणि पाप म्हणून सांगायचीही गरज नाही. अंथरुणावरच्या माणसाजवळ थांबावं लागलेली, स्वतः आजारी असलेली, दवाखान्यात ड्युटीवर असलेली नर्स, मुसळधार पावसात नदीपलीकडे अडकलेली बाई, अशा सगळ्यांचं तेच. कारण खरं आहे का, हे आपलं मन आपल्याला सांगतंच. सिरियल बघायची राहील म्हणून, किंवा नवी साडी शिवणाऱ्याकडून आली नाही म्हणून न जाणं वेगळं. मनात शंका असेल तर आपल्या चर्चच्या प्रमुख फादरांना विचारावं. योग्य कारण असेल तर त्यांना सूट देण्याचा किंवा त्याऐवजी दुसरं भक्तीचं काम सांगण्याचा अधिकार आहे.

बंधन सुरू होतं ते सात वर्षं पूर्ण झाल्यावर. त्यामुळे तीन वर्षांचं पोर मिस्सेत रडलं, तुम्ही त्याला घेऊन बाहेर ओट्यावर उभ्या राहिलात, म्हणून शेजारच्या बाकावरून आलेले कटाक्ष मनाला लावून घेऊ नयेत. आणि काही गावांत फादर महिन्यातून एकदाच येऊ शकतात, तिथे काय? तिथे मिस्सा नाही म्हणून दोष नाही. अशा वेळी गावात शास्त्रवाचनाची उपासना होत असेल तर तिला जावं, नाहीतर घरीच चार जणांनी बसून प्रार्थना करावी, असं कलम १२४८ सांगतं.

टीव्हीवरच्या मिस्सेविषयीही सगळ्याजणी विचारतात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, चर्चची दारं बंद झाली, बिशपांनी बंधनातून सूट दिली आणि घरोघरी मोबाइलवर मिस्सा दिसू लागली. महाराष्ट्रात प्रार्थनास्थळं नोव्हेंबर २०२० मध्ये उघडली, पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ पासून परत उघडली. त्या काळात मोबाइलची सवय लागली. पण ज्याला चर्चला जाणं शक्य आहे त्याचं कर्तव्य पडद्यावरच्या मिस्सेने पुरं होत नाही. ज्याला शक्यच नाही त्याच्यावर मुळात बंधनच नाही. त्याच्यासाठी ती मिस्सा म्हणजे आधार आहे. अंथरुणावरच्या आजींसाठी कम्युनियन घरी आणण्याची सोय चर्चमध्ये असते. मात्र चर्चमध्ये तसं कळवावं लागतं.

बायकांच्या मनातले काही प्रश्न

पाळी चालू असताना चर्चला जावं का? चारचौघींत कुणी विचारत नाही, पण मनात असतं. कॅथलिक धर्मात याला कोणतीही मनाई नाही, कम्युनियन घ्यायलाही नाही. हे काही आजचं सुधारणावादी मत नाही. इंग्लंडमधला साधू बीड याने ७३१ मध्ये लिहून पुऱ्या केलेल्या इतिहासात पोप ग्रेगरी पहिले यांनी दिलेली उत्तरं नोंदवलेली आहेत. त्यात असंच विचारलं आहे. उत्तर असं, की एखादी आदरापोटी स्वतःहून लांब राहिली तर तिचं कौतुक करा, पण जी येते तिला चर्चमध्ये यायला किंवा कम्युनियन घ्यायला अडवू नका. निसर्गाने जे दिलं त्यात तिचा दोष काय? बाळंतिणीविषयीही तेच. बाळ झालं त्याच घटकेला ती आभार मानायला चर्चमध्ये आली तरी पाप नाही! तेरा-चौदाशे वर्षं झाली या उत्तराला, आणि आपण अजून कुजबुजतो.

दुसरा प्रश्न नवऱ्यापासून विभक्त झालेलीचा. घटस्फोट झाला म्हणून चर्चची दारं बंद झाली असं समजून कितीतरी जणी मिस्सेला जाणंच सोडतात. लोक काय म्हणतील ही भीती त्याहून मोठी. खरं तर घटस्फोट होऊन एकटी राहिलेल्या बाईला मिस्साही आहे आणि कम्युनियनही आहे. दुसरं लग्न चर्चबाहेर केलेलं असेल तर कम्युनियनच्या बाबतीत फादरांशी बोलावं लागतं, पण मिस्सेला येण्यापासून तिला कुणी रोखू शकत नाही. मिस्सेला हजर राहणं हे बंधन आहे, दर वेळी कम्युनियन घेणं हे बंधन नाही. हा फरक कळला तर मागच्या बाकावर खाली मान घालून बसणारीला जरा मोकळा श्वास घेता येईल.

तिसरा प्रश्न दुसऱ्या धर्मात लग्न करून गेलेलीचा. चर्चचा हा नियम फक्त कॅथलिकांना लागू आहे. तो तिच्यावर आहे, तिच्या नवऱ्यावर किंवा सासरच्यांवर नाही. तिला चर्चला जायला सोबत केली, वेळ दिला, तर घर बाटत नाही. आपल्या वारीला किंवा उपवासाला जशी घरच्यांनी साथ द्यावी असं आपल्याला वाटतं, तसंच तिलाही वाटतं.

अर्धा नियम सगळे विसरतात

कलम १२४७ मध्ये मिस्सेच्या पुढे आणखी एक वाक्य आहे. त्या दिवशी जी कामं देवाच्या भक्तीच्या, त्या दिवसाच्या आनंदाच्या आणि मनाला-शरीराला लागणाऱ्या विश्रांतीच्या आड येतात ती करू नयेत, असं त्यात म्हटलं आहे. म्हणजे विश्रांती हाही नियमाचाच भाग. तो पाळायचा कुणी? फक्त नवऱ्याने आणि मुलांनी?

तान्ह्या बाळासाठी आईला सूट आहे हे खरं. पण ती सूट अडचणीतल्या बाईला आधार म्हणून दिलेली आहे, घरातल्या इतरांना सवलत म्हणून नाही. दर रविवारी तीच मागे राहत असेल आणि बाकीचे सगळे मिस्सा ऐकून, बाहेर चार गप्पा मारून, आयत्या जेवणावर येऊन बसत असतील, तर त्या घरात नियम कोण पाळतंय? मिस्सा चुकल्याची बोच तिला लागते. खरं तर ती इतरांना लागायला हवी.

यावर उपाय फार मोठा नाही. चर्चमध्ये रविवारी एकाहून जास्त मिस्सा होत असतील तर पहिलीला नवरा आणि दुसरीला बायको, किंवा एका रविवारी हा आणि दुसऱ्या रविवारी ती. शनिवारी संध्याकाळी मिस्सा असेल तर एक जण तेव्हा जाऊन येईल. आजारी सासऱ्यांजवळ दोन तास मुलगा बसू शकतो, ते त्याचेच वडील आहेत. सणाच्या दिवशी जेवणात एक पदार्थ कमी झाला तर सण बिघडत नाही. शेजारी राहणाऱ्या आपणही, कोणत्याही धर्माच्या असलो तरी, 'तू जा गं, बाळाकडे मी बघते,' एवढं म्हणू शकतो. बायकाच बायकांना हे म्हणत आल्या आहेत, पण आता घरातल्या पुरुषांनीही ते म्हणायला शिकावं.

ज्या रविवारी खरंच जमणार नाही, त्या रविवारी बाळाला थोपटत म्हटलेली छोटीशी प्रार्थनाही प्रार्थनाच असते. आणि ज्या रविवारी जमणार आहे, त्या रविवारी कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम दुसऱ्यावर सोपवून खुशाल निघा.

लक्षात ठेवा

• प्रत्येक रविवार, तसंच नाताळ आणि १५ ऑगस्ट हे बंधनाचे दिवस. आदल्या संध्याकाळची मिस्साही चालते.

• राखेचा बुधवार, गुड फ्रायडे, जत्रा, यात्रा आणि नोव्हेना यांना मिस्सेचं बंधन नाही.

• आजारपण, तान्हं बाळ, रुग्णसेवा, टाळता न येणारी ड्युटी, मिस्साच उपलब्ध नसणं अशा सबळ कारणांनी बंधन उरत नाही.

• सात वर्षांखालच्या मुलांना बंधन नाही.

• पाळी किंवा बाळंतपण यामुळे चर्चला जायला किंवा कम्युनियन घ्यायला कोणतीही मनाई नाही.

• शंका असेल तर मनात कुढत न बसता आपल्या चर्चच्या फादरांना विचारा.